पडणं की पाडणं? इंग्रजी क्रियापदांचा गोंधळ मराठीतून सोडवताना

पुण्यात नोकरीला लागून चौथा महिना होता. हिंजवडीतल्या ऑफिसात दुपारी सर्व्हर बंद पडला आणि त्याचा रिपोर्ट परदेशी क्लायंटला पाठवायचं काम माझ्या गळ्यात आलं. मी लिहिलं, ‘द सर्व्हर वॉज हँग्ड ॲट थ्री पीएम.’ पाठवण्याआधी टीम लीड मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, एकदा वाचलं आणि शांतपणे विचारलं, “फाशी दिली? कुठल्या कोर्टाची ऑर्डर होती?”

आजूबाजूची चार डोकी वर आली. सगळे हसले म्हणून मीही हसलो, पण कळलं काहीच नव्हतं. संध्याकाळी बसमध्ये उभ्या उभ्या डिक्शनरी उघडली तेव्हा उलगडा झाला. ‘हँग’ची भूतकाळाची रूपं दोन आहेत. शर्ट खुंटीला टांगला, कॉम्प्युटर अडकला, तर ‘हंग’. माणसाला फासावर दिलं तरच ‘हँग्ड’. याचं कारणही मजेशीर आहे. जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदं होती, एक लटकण्याचं आणि एक लटकवण्याचं. पुढे ती एकमेकांत मिसळली. सोळाव्या शतकात उत्तर इंग्लंडच्या बोलीतलं ‘हंग’ पुढे आलं आणि पसरलं. कोर्टाची भाषा मात्र कुठल्याही देशात जुनं सोडायला तयार नसते, तिथे ‘हँग्ड’ तसंच राहिलं. आपल्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही मृत्युदंडासाठी ‘हँग्ड बाय द नेक’ हेच शब्द आले.

माझं लक्ष अडकलं ते मात्र ‘लटकणं’ आणि ‘लटकवणं’ यांत. ही भानगड तर आपल्या घरातलीच की!

मी मूळचा बार्शीचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता दिवसभर इंग्रजीत मॅन्युअल लिहिणं हेच पोटापाण्याचं काम आहे. रविवारी सकाळी पाच-सहा मुलंमुली घरी येतात. कुणी नुकतं नोकरीला लागलेलं, कुणी नर्सिंगचं, कुणी स्पर्धा परीक्षेचं. त्यांचं व्याकरण वाईट नसतं. घोळ होतो तो त्याच त्या वीस-पंचवीस क्रियापदांत. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय. तुम्ही पुण्यात नवे असाल, पहिल्या इंग्रजी मेलने घाम फोडला असेल, तर हे तुमच्यासाठी.

पहिली पायरी : वही घ्या, तीन भाग पाडा

चुकलेलं प्रत्येक क्रियापद आधी मराठीत सांगून बघा. तीनपैकी एक गोष्ट निघेल. एक, मराठीतही तशीच जोडी आहे, फक्त आपण ती वापरली नाही. दोन, मराठीत एकच शब्द आहे आणि इंग्रजीने त्याचे दोन-तीन तुकडे केलेत. तीन, दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेले, पोट एकच आणि डोकं वेगळं, म्हणजे उपसर्गाचा खेळ. तीन आजार आहेत, औषधंही तीन. सगळ्यांना एकच औषध, म्हणजे पाठांतर, दिलं की परीक्षेपुरतं बरं वाटतं आणि मेल लिहिताना पुन्हा ताप चढतो.

दुसरी पायरी : ‘पडणं–पाडणं’ची कसोटी लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मराठीत आपण एक स्वर लांबवतो आणि अर्थ फिरवतो. पडणं–पाडणं, मरणं–मारणं, गळणं–गाळणं, टळणं–टाळणं. पहिल्यात गोष्ट आपोआप होते, दुसऱ्यात कुणीतरी ती घडवतं. आंबा पडला; पोरांनी आंबा पाडला. यात एकही मराठी मूल कधी चुकत नाही.

इंग्रजीतही जुन्या काळी हाच कारखाना चालू होता. ‘फॉल’ म्हणजे पडणं आणि ‘फेल’ म्हणजे पाडणं. नापास होण्याचं ‘फेल’ ते हे नव्हे; याच्या शेवटी दोन ‘एल’ आहेत आणि ते मुख्यतः झाडं पाडण्यासाठी वापरतात. महाराष्ट्रातल्या शहरांमधल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्याच्या इंग्रजी मसुद्यात, महापालिकेच्या नोटिशीत ‘फेलिंग ऑफ ट्रीज’ दिसतं ते हेच. पावसाळ्यात प्रभात रोडवर झाड कोसळलं तर ‘द ट्री फेल’. परवानगी काढून ते पाडलं तर ‘द ट्री वॉज फेल्ड’. गंमत, किंवा कटकट, अशी की ‘फॉल’चा भूतकाळही ‘फेल’च. हा सापळा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

‘सिट’ आणि ‘सेट’ ही तशीच जोडी, बसणं आणि बसवणं. पुण्यात हे शिकवणं सोपं जातं. भाद्रपद चतुर्थीला गणपती बसतात, आणि मंडळाचे कार्यकर्ते ते बसवतात. मूर्तीच्या स्थापनेला इंग्रजीत ‘सेट’ म्हणत नाहीत ते सोडा, पण कोण बसतं आणि कोण बसवतं एवढं मनात पक्कं झालं की ‘प्लीज सेट हिअर’ असं पाहुण्याला पुन्हा म्हणणार नाही.

इथे जरा थांबतो, कारण हा माझा आवडता भाग आहे. संस्कृतात ‘सद्’ म्हणजे बसणं. ‘उपनिषद’ शब्दातलं ‘सद्’ तेच, गुरूजवळ बसणं. त्याचं प्रयोजक रूप ‘सादयति’, म्हणजे बसवतो. इंग्रजीचं ‘सिट’ या ‘सद्’चं भावंड आणि ‘सेट’ हे ‘सादयति’चं. म्हणजे हे दोन एकेकटे शब्द दोन भाषांत योगायोगाने सारखे झालेले नाहीत, अख्खी जोडीच एका जुन्या घरातून निघालेली आहे. इंग्रजीच्या पूर्वज भाषांत धातूच्या मागे ‘य’ ध्वनीचा प्रत्यय लागायचा, आपल्या ‘अय’सारखा. त्या ‘य’ने आधीचा स्वर स्वतःकडे ओढला, ‘अ’चा ‘ए’ झाला, आणि काम झाल्यावर ‘य’ गळून गेला. मागे उरला फक्त बदललेला स्वर. संस्कृत आणि युरोपातल्या भाषा एका मूळच्या असाव्यात, हे संस्कृतचे अभ्यासक आणि इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात जाहीरपणे मांडलं. आपल्याला त्याचा फायदा एवढाच, की इंग्रजीचं व्याकरण परकं वाटायला लागलं की घरची आठवण काढायची.

‘ड्रिंक’ आणि ‘ड्रेंच’ बघा. पावसात भिजून ऑफिसला पोचलेला माणूस ‘आय ॲम ड्रेंच्ड’ म्हणतो. मुळात ‘ड्रेंच’ म्हणजे पाजणं! पिणं–पाजणं. जनावरांचे डॉक्टर आजही पातळ औषध पाजण्याला ‘ड्रेंच’ म्हणतात. आमच्याकडे बैलाचं तोंड वर धरून बांबूच्या नळीने काढा ओतायचे, ते अस्सल ‘ड्रेंचिंग’. पाजण्याचं पुढे चिंब करणं झालं.

‘राइज’ आणि ‘रेझ’ म्हणजे वाढणं आणि वाढवणं, उठणं आणि उठवणं. यातलं ‘राइज’ जुन्या इंग्रजीतलं, आणि ‘रेझ’ स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडमध्ये वस्ती केलेल्या लोकांच्या भाषेतलं. इंग्रजीची स्वतःची मुलगी होती ‘रिअर’, ती आता मुलं आणि जनावरं वाढवण्यापुरती उरली. पुण्यात या जोडीचा सराव दर अकरा महिन्यांनी आपोआप होतो. भाडं वाढलं, ‘द रेंट हॅज रिझन’. घरमालकांनी वाढवलं, ‘द ओनर हॅज रेझ्ड द रेंट’. घरमालक नेहमी पहिलं वाक्य वापरतात, हे ध्यानात घ्या.

आता सगळ्यांचा शत्रू, ‘लाय’ आणि ‘ले’. आडवं होणं किंवा पडून असणं म्हणजे ‘लाय’. ठेवणं, आडवं घालणं, रचणं म्हणजे ‘ले’. ‘ले’ हे ‘लाय’चं प्रयोजक, बसणं–बसवणंसारखंच. इथपर्यंत कुणालाच त्रास नाही. त्रास पुढच्या रूपांत आहे, म्हणून वहीत एका पानावर मोठ्या अक्षरात लिहा:

पडून असणं : लाय – ले – लेन
ठेवणं : ले – लेड – लेड
खोटं बोलणं : लाय – लाईड – लाईड

दिसला सापळा? पहिल्या ओळीतला भूतकाळ आणि दुसऱ्या ओळीतला वर्तमानकाळ एकच, ‘ले’. ‘फॉल’चा भूतकाळ ‘फेल’ होता तोच प्रकार. तिसरी ओळ तर या घरातली नाहीच. खोटं बोलण्याचं ‘लाय’ जुन्या इंग्रजीत वेगळाच शब्द होता, काळाच्या ओघात उच्चार घासून सारखा झाला. तेव्हा त्याच्याशी अर्थाचा धागा जोडायला जाऊ नका.

कसोटी एकच, क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कुणाला?’ विचारा. उत्तर मिळालं तर ‘ले’, नाही मिळालं तर ‘लाय’. कोंबडी घालते, काय घालते? अंडी. म्हणून ‘ले’. गवंडी रचतो, काय? विटा. म्हणून ‘ब्रिकलेअर’. डॉक्टर तपासायच्या टेबलाकडे बोट दाखवतात, तेव्हा ‘लाय डाउन’, तिथे ‘काय?’ला उत्तर नाही. पुणे मेट्रोचा पाया २४ डिसेंबर २०१६ ला घातला गेला, काय घातलं? पायाचा दगड. म्हणून ‘द फाउंडेशन स्टोन वॉज लेड’. एनए प्लॉटच्या जाहिरातीतला ‘लेआउट’ म्हणजे आखून मांडलेलं. आणि हिंजवडीत ज्या शब्दाने झोप उडते तो ‘ले-ऑफ’, तिथे ‘कुणाला?’चं उत्तर आपण स्वतः असतो.

एक आठवडा फक्त याच जोडीवर घालवा. काल दुपारी मी आडवा झालो, ‘आय ले डाउन’. चुकीचं वाटतं ना? बरोबर आहे. ‘लेड डाउन’ इतक्यांदा कानावर पडलंय, इंग्रज-अमेरिकन माणसांकडूनही, की बरोबर रूपच परकं वाटतं. बोलताना चुकलं तर कुणी टोकत नाही. लिहिताना सांभाळा.

तिसरी पायरी : जिथे मराठीत सोय आहे तिथे ती वापरा

याला फार वेळ लागत नाही. शिकणं ‘लर्न’, शिकवणं ‘टीच’. आठवणं ‘रिमेंबर’, आठवण करून देणं ‘रिमाइंड’. ‘रिमाइंड’च्या पोटात ‘माइंड’ आहे, जो आपल्या ‘मन’चा नातेवाईक. आणणं ‘ब्रिंग’, नेणं ‘टेक’. एवढं मराठीत बोलून बघितलं की सुटतं.

दोन जोड्यांवर मात्र जरा रेंगाळा. म्हणणं ‘से’, सांगणं ‘टेल’. ‘ही टोल्ड दॅट’ आणि ‘ही सेड मी’ या चुका मी रोज बघतो. ‘टेल’ला ऐकणारा माणूस लगेच शेजारी लागतो, ‘टोल्ड मी’, मध्ये ‘टू’ नाही. ‘से’चं त्यावाचून भागतं. ‘टेल’चा जुना अर्थ होता मोजणं. जर्मनमध्ये आजही मोजण्याचं क्रियापद याच घरातलं आहे. बँकेतला ‘टेलर’ म्हणजे नोटा मोजणारा, आणि एटीएममधला मधला ‘टी’ तोच. कपडे शिवणाऱ्या टेलरचा इथे संबंध नाही. एकामागून एक मोजत जावं तशा घटना ओळीने मांडणं, ते सांगणं. म्हणून ‘टेल’ला गोष्ट, सत्य, फरक असं काहीतरी मोजून हाती द्यायला आवडतं.

दुसरी जोडी खरं तर तिकडी आहे. दिसणं ‘सी’, नजर टाकून बघणं ‘लुक’, लक्ष ठेवून पाहत राहणं ‘वॉच’. ‘वॉच’ आणि ‘वेक’ मुळात एकच, जागं राहणं. आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका रात्री दोननंतर खुर्चीत कुठल्या अवस्थेत असतात ते मी लिहिणार नाही, पण शब्दाच्या व्युत्पत्तीशी त्यांचं पटत नाही.

चौथी पायरी : मराठीचा एक शब्द, इंग्रजीचे अनेक

इथे आपली भाषा मदत करत नाही, उलट आडवी येते. म्हणून इथे व्युत्पत्ती कामाला लावायची.

‘उसने’ हा शब्द घ्या. उसने घेतले, उसने दिले. ‘उसने’ तेच, दिशा फक्त घेणं-देणं दाखवतं. इंग्रजीत दिशा क्रियापदातच आहे. घेतले तर ‘बॉरो’, दिले तर ‘लेंड’. नव्या रूममेटला ‘कॅन यू बॉरो मी फाइव्ह हंड्रेड?’ विचारणारा माझा एक विद्यार्थी होता. त्याला पाचशे मिळाले, कारण रूममेटही सांगलीचा होता. ‘बॉरो’च्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला हमीचा, तारणाचा शब्द आहे. तारण कोण देतं? ज्याला पैसे हवेत तो. ‘लेंड’ हा ‘लोन’चा भाऊ, आणि त्यांचं दूरचं नातं आपल्या ‘रिक्त’शी आहे, मूळ अर्थ सोडणं, मागे ठेवणं. खिसा कुणाचा रिक्त होतो? देणाऱ्याचा. एवढं एकदा डोक्यात बसलं की आयुष्यात चूक होत नाही. ‘लेंड’च्या शेवटचा ‘डी’ मुळात नव्हताच. भूतकाळाच्या रूपातला ‘डी’ लोकांना इतका सवयीचा झाला की तो वर्तमानकाळातही येऊन बसला.

‘ऐकणं’ही असंच. ऐकू येणं ‘हिअर’, कान देऊन ऐकणं ‘लिसन’. ‘लिसन’चं मूळ संस्कृत ‘श्रु’च्या घराण्यातलं. आजाऱ्याची आपण ‘शुश्रूषा’ करतो, तो शब्दही मुळात ‘ऐकण्याची इच्छा’. म्हणजे लक्ष देणं आलंच. ऑनलाइन मीटिंगमध्ये आवाज येत नसेल तर ‘आय कान्ट हिअर यू’. ‘आय ॲम नॉट लिसनिंग टू यू’ असं नव्हे. ते खरं असलं तरी.

‘घालणं’ला ‘पुट ऑन’ आणि ‘वेअर’ असे दोन भाग आहेत. अंगात चढवायची क्रिया ‘पुट ऑन’, अंगावर असण्याची स्थिती ‘वेअर’. ‘करणं’चं त्रांगडं मोठं आहे, ‘डू’ आणि ‘मेक’. ‘मेक’चं मूळ मळणं-घडवणं या अर्थाच्या धातूत असल्याचं मानतात. कणीक मळल्यावर हातात गोळा येतो, तसं शेवटी काहीतरी तयार होत असेल तर बहुतेक ‘मेक’: चहा, यादी, आवाज, चूक. नुसतं काम उरकायचं असेल तर ‘डू’: धुणं, होमवर्क, कर्तव्य. अपवाद निघतील. निघाले की वहीत टिपा आणि पुढे चला, त्यांच्याशी भांडत बसू नका.

‘नाकारणं’ मात्र कागदोपत्री महागात पडू शकतं. आरोप नाकारला, ‘डिनाय’. अर्ज नाकारला, ‘रिजेक्ट’. निमंत्रण नम्रपणे नाकारलं, ‘डिक्लाइन’. काम करायला नकार दिला, ‘रिफ्यूज’. ‘रिजेक्ट’ म्हणजे शब्दशः मागे फेकणं, म्हणून त्यात झटका आहे. ‘डिक्लाइन’ म्हणजे बाजूला कलणं, म्हणून त्यात अदब. ‘डिनाय’ म्हणजे ‘नाही’ म्हणणं, असं घडलंच नाही म्हणणं. आता सांगा, वरिष्ठांनी जेवायला बोलावलं आणि तुम्ही ‘आय रिजेक्ट युअर इन्व्हिटेशन’ लिहिलंत तर ताट कुठे जाऊन पडेल?

पाचवी पायरी : लॅटिन शब्दांचे उपसर्ग सोडवा

शाळेत संस्कृतच्या तासाला आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे घोकलेलं आठवतं? धातू एक, उपसर्ग बदलला की एकदम जेवणाचा घाव होतो. लॅटिनचं अगदी तसंच आहे. पुढचं डोकं कापून बाजूला ठेवा, मग बघा.

‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ दोन्हींचं पोट ‘करणं’. ‘अफेक्ट’ला ‘अॅड’ हा उपसर्ग, म्हणजे ‘कडे’. ‘इफेक्ट’ला ‘एक्स’, म्हणजे ‘बाहेर’. थिएटरच्या दारावरच्या ‘एक्झिट’मधला. पुढच्या ‘एफ’ला टक्कर होऊन ‘अॅड’चा ‘डी’ आणि ‘एक्स’चा ‘एक्स’ विरघळले, जसं उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख. त्यामुळेच दोघांत दोन-दोन ‘एफ’ आहेत. एखाद्या गोष्टीकडे जाऊन तिच्यावर परिणाम करणं म्हणजे ‘अफेक्ट’: पावसाने विद्यापीठ चौकातली वाहतूक ‘अफेक्ट’ झाली. नाम म्हणून ‘इफेक्ट’, म्हणजे परिणाम, जो बाहेर पडला तो. शंभरातल्या नव्वद वेळा एवढं पुरतं. उरलेल्या वेळी ‘इफेक्ट’ क्रियापद होतं, तेव्हा अर्थ घडवून आणणं. वाहतूक पोलिसांनी मार्गात बदल घडवून आणला, ‘इफेक्टेड अ चेंज’. इथे ‘अफेक्टेड’ लिहिलंत तर होणाऱ्या बदलावर पोलिसांनी परिणाम केला असा वेगळाच अर्थ निघेल.

‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’साठी पुण्यासारखं गाव नाही. दोन्हींना ‘इन’, म्हणजे ‘आत’. ‘इम्प्लाय’च्या पोटात घडी आहे, अर्थ घडीत ठेवणं, न बोलता सुचवणं. ‘इन्फर’च्या पोटात वाहून नेणं आहे, तोच धातू ज्याचं संस्कृत भावंड ‘भृ’, भार वाहणं. समोर दिसतंय त्यावरून निष्कर्षापर्यंत जाणं, म्हणजे ताडणं. आता एखाद्या वाड्याच्या दारावर पाटी आहे असं समजा: ‘बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.’ पाटी ‘इम्प्लाय’ करते की याआधी कुणीतरी तीनदा वाजवली होती. आपण ‘इन्फर’ करतो की काकांची दुपारची झोप मोडली होती. लिहिणारा घडी घालतो, वाचणारा ताडतो. ‘व्हॉट आर यू इन्फरिंग?’ असं भांडणात समोरच्याला विचारणारे पुष्कळ असतात. त्यांना ‘इम्प्लायिंग’ म्हणायचं असतं.

‘प्रिस्क्राइब’ आणि ‘प्रोस्क्राइब’ यांत एका अक्षराचा फरक आणि परिणाम उलटा. दोन्ही लिहिण्याचेच. ‘प्रिस्क्राइब’, आधी लिहून देणं, डॉक्टरची चिठ्ठी. ‘प्रोस्क्राइब’, लोकांपुढे लिहून लावणं. इसवी सनपूर्व ८२ मध्ये रोममध्ये सुल्ला नावाच्या सेनापतीने आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या चव्हाट्यावर लावल्या. यादीत नाव आलेल्याला कुणीही मारावं, मालमत्ता जप्त. तिथून ‘प्रोस्क्राइब’ म्हणजे बंदी घालणं. इंग्रजांनी आपल्याकडच्या ज्या पुस्तकांवर, पत्रकांवर बंदी घातली त्यांना ते ‘प्रोस्क्राइब्ड’ म्हणत. नर्सिंगच्या मुलींनो, हा ‘ओ’ जपून.

बाकीचे भरभर. ‘अडॉप्ट’मध्ये ‘ऑप्शन’ लपलाय, म्हणून निवडून स्वीकारणं, दत्तक घेणं. ‘अडॅप्ट’मध्ये ‘ॲप्ट’, म्हणजे जुळेलसं करून घेणं. ‘ॲक्सेप्ट’ स्वतःकडे घेणं, ‘एक्सेप्ट’ बाहेर काढून ठेवणं, म्हणजे वगळून. ‘लूझ’ आणि ‘लूस’, हरवणं आणि सैल, दोन्ही एकाच जुन्या मुळाचे आणि ‘वायरलेस’मधला ‘लेस’ही त्यांचाच; स्पेलिंग लक्षात ठेवायला एवढंच, की ज्याचा एक ‘ओ’ हरवलाय तो हरवण्याचा.

सहावी पायरी : डिक्शनरी कशी उघडायची

अप्पा बळवंत चौकात जाऊन जाडजूड जुनी डिक्शनरी घ्या, किंवा फोनवरची वापरा, माझा हट्ट नाही. हट्ट एकाच गोष्टीचा, नोंदीतली व्युत्पत्तीची ओळ वाचायची. ती सहसा अर्थाच्या आधी किंवा अगदी शेवटी बारीक अक्षरात असते आणि सगळे तिच्यावरून उडी मारतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरं झालं १९२८ ला. प्रत्येक शब्दाचा इतिहास जुन्या लिखाणातून शोधायचा म्हणून इतकी वर्षं. मराठी बाजू तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारलेली १८५७ ची, आणि तो इंटरनेटवर फुकट शोधता येतो. ‘उसना’ त्यात काढून बघा, अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.

आणि एक इशारा. व्युत्पत्ती अर्थ लक्षात ठेवायला आहे, अर्थ ठरवायला नाही. ‘डेसिमेट’ म्हणजे रोमन सैन्यात दर दहातला एक मारणं. त्यातला ‘डेसि’ आपला दश. आज त्याचा अर्थ सरळ मोठा विध्वंस असा आहे, दहातला एक मोजायला बसू नका. उलट उदाहरण ‘रिव्हर्ट’चं. मूळ अर्थ मागे वळणं, संस्कृतातल्या ‘वृत्’चा भाऊ, म्हणजे परावृत्त होणं. आपल्या ऑफिसांत ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर पाठवा. भारतात सगळ्यांना कळतं, त्याला चूक म्हणण्याइतका कडक मी नाही. पण परदेशातल्या डेव्हलपरला तुमचे बदल तपासायला पाठवून खाली ‘काइंडली रिव्हर्ट’ लिहिलंत, आणि त्याने खरंच सगळे बदल मागे फिरवून कोड पूर्वीसारखा केला, तर त्याचा काय दोष? मी ‘रिप्लाय’ लिहितो.

रविवारचा गृहपाठ

या पाच वाक्यांतली क्रियापदं इंग्रजीत लिहा, खाली बघायच्या आधी.

१. घरमालकांनी डिपॉझिट वाढवलं.
२. किल्ली दिवसभर टेबलावर पडून होती.
३. त्याने माझ्याकडून हेल्मेट उसनं नेलं आणि हरवलं.
४. तिच्या बोलण्यावरून मी ताडलं की मीटिंग रद्द आहे.
५. वॉचमनला चोर दिसला नाही, कारण तो पहारा देत नव्हता.

पहिल्यात ‘रेझ्ड’. तिसऱ्यात ‘बॉरोड’ आणि ‘लॉस्ट’. पुण्यात हेल्मेट उसनं नेणारा माणूस भेटला हेच विशेष. चौथ्यात ‘इन्फर्ड’. पाचव्यात ‘डिड नॉट सी’ आणि ‘वॉज नॉट वॉचिंग’. दुसरं मुद्दाम शेवटी ठेवलंय: ‘द की ले ऑन द टेबल’. तुम्ही ‘लेड’ लिहिलं असेल तर ‘काय?’ विचारा. किल्लीने काय ठेवलं टेबलावर?